सौ. की श्रीमती?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त झालो, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, बायको म्हणते आता तरी तापू नका. पण काही गोष्टींवर माणसानं तापलंच पाहिजे, असं माझं मत आहे.

मी शिपाई म्हणून भरती झालो. खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो, पुढे सहायक निरीक्षक झालो. त्यासाठी कुणाची चिठ्ठी नेली नाही, कुणाच्या दारात उभा राहिलो नाही. खुलताबादच्या घाटाखाली रस्त्याच्या कडेला माझी आई सीताफळं विकायची. तिच्याशेजारी बसून मी एक गोष्ट शिकलो. गिऱ्हाईक भाव सांगेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही. पुढे पोलीस प्रशिक्षणात मला जे शिकवलं, त्यातलं निम्मं याच्यापुढे फिकं होतं.

तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरपासून तासाभराच्या अंतरावरच्या एका छोट्या गावात ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं नाव लिहीत नाही. खटला अजून न्यायालयात आहे, त्यामुळे माणसांचीही नावं लिहीत नाही. गावाला नगरपरिषद होती, पण निवडून आलेल्या सदस्यांची मुदत संपली होती, निवडणुका लांबल्या होत्या आणि कारभार प्रशासकाच्या हातात होता. अशा काळात नगरपरिषदेच्या इमारतीत फार शांतता असते. कुणी भांडत नाही, कुणी टेबल बडवत नाही. पोलिसानं अशा शांततेवर कधी विश्वास ठेवू नये. मी ठेवला.

खरं तर खबर मला आधीच मिळाली होती. नगरपरिषदेचा एक जुना शिपाई ठाण्यासमोरच्या हॉटेलात चहाला यायचा. एकदा माझ्या बाकड्याच्या टोकाला बसून, माझ्याकडे न बघता तो बोलला, "साब, ठराव का बडा रजिस्टर दो दिन आफिस में च नहीं था."

"कुठं गेलं होतं?"

"हौला, पागल समझे क्या मेरे कू? उत्ता बोला मैं. आगे का तुम देखो. मेरा नाम नक्को लेना."

मी हसलो आणि चहा संपवला. रजिस्टर दोन दिवस इकडचं तिकडं झालं, यात पोलिसांनी काय बघायचं? पंचवीस-तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला असा माज येतो.

दोन आठवड्यांनी, संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, सकाळच्या हजेरीनंतर एक बाई ठाण्यात आल्या. चाळिशीच्या पुढच्या, पायांत साध्या चपला, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ठाणे अंमलदारानं बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत.

"जयभीम साहेब. मी माजी नगरसेविका. माझ्या नावावर कुणीतरी शाळा विकलीया."

मी त्यांना ओळखत होतो, सगळं गावच ओळखत होतं. बौद्ध वस्तीतून निवडून आलेल्या, मुदतभर एकच विषय लावून धरलेल्या बाई. गाव त्यांना ताई म्हणे. वस्तीतली नगरपरिषदेची शाळा समाजमंदिरात भरायची, दोन वर्ग एका खोलीत आणि बाकीचे व्हरांड्यात. चौथीनंतरची शाळा महामार्गाच्या पलीकडे होती. तो रस्ता ओलांडताना एकदोन अपघात झाले, तेव्हापासून लोक मुलींना चौथीनंतर घरी बसवत. गावाच्या विकास आराखड्यात वस्तीलगतची एक जागा शाळेसाठी राखून ठेवलेली होती. जागा खाजगी मालकीची होती आणि नगरपरिषदेनं ताब्यात घेणं बाकी होतं. ताईंनी भांडून भांडून जागेची आणि इमारतीची तरतूद अर्थसंकल्पात घेतली होती. मधल्या काळात मूळ मालकाकडून तीच जागा एका बिल्डरनं विकत घेतली.

ताईंनी पिशवीतून एक कागद काढला. माहितीच्या अधिकारात मिळालेली ठरावाची नक्कल. सदस्यांच्या शेवटच्या सभेचा ठराव. 'सदर जागेची शाळेकरिता आवश्यकता उरलेली नसल्याने आरक्षण वगळण्याची शिफारस शासनास करण्यात यावी. सर्वानुमते मंजूर.' आणि खाली, ठराव मांडणारा म्हणजे सूचक म्हणून, ताईंचंच नाव.

"तुम्ही मांडला नाही?"

"साहेब, जी बाई पाच वर्षं एका शाळेसाठी घसा कोरडा करती, ती शेवटच्या दिवशी म्हनंल का, शाळा नको म्हनून?"

"मग अनुमोदक कोण आहेत? त्यांना विचारलं?"

"ते वारले कवाच. मेलेला मानूस आन् मी, दोघंच घावलो त्यांना."

बिल्डरनं जागेवर फलक लावला, तेव्हा वस्तीला हे कळलं होतं. "नळावर बाया मला म्हनल्या," ताई सांगत होत्या, आवाज जराही न हलवता, "ताई, शाळा गिळली, आता ढेकर तरी द्या. माझ्या सख्ख्या जावंनं घागर उचलली आन् दुसऱ्या नळाला गेली. ढेकर म्हननारीला मी दोन लगावल्या असत्या. पण जाऊ गेली ना, तवा माझे हातच गळाले."

मी लेखनिक हवालदाराला तक्रार लिहून घ्यायला सांगितलं. हवालदारानं पेन उघडलं आणि अडखळला. "ताई, नावाआधी काय लावू? सौ., का..."

"श्रीमती लिहा. मालक जाऊन आठवा महिना चाललाय." त्या पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. "आमच्यात कुंकवाचं तेवढं काय नाय. पण गाव लिहितं तसंच लिहा."

हा शब्द मी ऐकला आणि सोडून दिला. पुढचे कित्येक आठवडे मी ज्याच्या शोधात फिरलो, तो माझ्याच टेबलावर, माझ्याच हवालदाराच्या अक्षरात पडून होता.

मी त्यांना सरळ सांगितलं की हे प्रकरण उलटूही शकतं. नोंद अधिकृत रजिस्टरात आहे, अध्यक्षांची सही आहे. खोटेपणा सिद्ध झाला नाही तर लोक म्हणतील, बाईनं खाल्लं आणि वर पोलिसांत गेली. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी रडायला नाय आले साहेब. सौदा करायला आले."

सौदा म्हटलं की माझे कान टवकारतात. मी गप्प राहिलो.

"आरोपी धरा, नाय तर नका धरू. ते तुमचं काम. पण हे खोटं हाय असं तुम्हाला कळलं, की माझ्या वस्तीत यायचं. विहाराच्या अंगनात, वर्दीवर. आन् समद्यांसमोर सांगायचं."

"पोलीस असं जाहीर सांगत नसतात, ताई. कोर्ट सांगतं."

"कोर्ट माझ्या नातीच्या लग्नापर्यंत सांगंल. मला नळावर रोज जावं लागतं." त्यांनी कागद घडी करून पिशवीत टाकायला घेतला. "नाय जमत तर ऱ्हाऊ द्या."

मी म्हणालो, जमतं. मनात म्हटलं, सौदा स्वस्तात पटला. आईनं तिथंच माझ्या पाठीत धपाटा घातला असता.

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन नगरपरिषदेत गेलो आणि पंचनामा करून रजिस्टर जप्त केलं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, पानांवर छापील क्रमांक असलेलं. एकही पान फाडलेलं नव्हतं की चिकटवलेलं. शेवटच्या सभेचे विषय ओळीनं होते, पाणीपुरवठा, दिवाबत्ती, गटार. मग 'ऐनवेळचे विषय' असा मथळा. विषयपत्रिकेत नसलेला विषय अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी घेतात, तो ऐनवेळचा विषय. त्याखाली हा ठराव आणि त्याखाली अध्यक्षांची सही. अक्षर सगळं एकाच हाताचं, मोत्यासारखं.

मागची पानं चाळली तेव्हा एक पद्धत लक्षात आली. प्रत्येक सभेच्या शेवटी 'ऐनवेळचे विषय' लिहून खाली अर्धं पान कोरं सोडायचं आणि त्याखाली अध्यक्षांची सही घ्यायची. काही आलं तर भरता येतं. माजी अध्यक्षांना विचारलं, तर ते म्हणाले, "सही करताना वर काय हाय ते कोन बघतं, साहेब? कुठं करायची तेवढं बघतो." आणि सभेत हा ठराव झाला का? "झाला बी असंल. शेवटची सभा, जेवनाची गडबड चालली व्हती." बाकीच्या सदस्यांचेही जबाब घेतले. कुणाला आठवत नव्हतं, कुणाला आठवून घ्यायचं नव्हतं.

म्हणजे कोऱ्या जागेत नंतर लिहिलं गेलं, हे मला दिसत होतं. पण सिद्ध काय करणार? अक्षर सभा लिपिकाचं, आणि रजिस्टर लिहायचं काम त्याचंच. हस्ताक्षर तज्ज्ञाचा अभिप्राय मागवला. उत्तर आलं, अक्षर एकाच व्यक्तीचं, शाई एकाच प्रकारची, लिखाणाचा काळ सांगता येत नाही. तो मलाही सांगता येत नव्हता. चहाच्या बाकड्यावरच्या शिपायाला गाठलं, तर त्यानं कानाला हात लावले. "साब, मैं कब बोला?"

तिकडे प्रशासकांनी हात वर केले होते. चौकशी संपेपर्यंत त्या जागेबाबत कुठलाच कागद पुढे सरकणार नाही, असं त्यांनी कळवलं. बिल्डरचा प्रस्ताव थांबला हे चांगलं झालं, पण शाळेचं कामही थांबलं. मार्चअखेरपर्यंत काम सुरू झालं नाही तर तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणार, हे ठरलेलं. बिल्डरला जिंकायचीसुद्धा गरज नव्हती. माझा तपास मार्च ओलांडून गेला की त्याचं काम आपोआप होत होतं. हे कळलं त्या दिवशी मी ठरवलं की आता हे प्रकरण माझं आहे.

आणि ठरवल्यावर पहिली चूक केली.

सभा लिपिकाला नोटीस देऊन ठाण्यात बोलावलं. पन्नाशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, बोलणं गोड. मी विचारायचो, तो उत्तर द्यायचा. "सभेत जे झालं ते लिहिलं, साहेब. आपण काय, लेखणीचे हमाल." तिसऱ्यांदा त्यानं हमाल म्हटल्यावर मी टेबलावर हात आपटला. चहाचा कप उडाला आणि चहा ठाण्याच्याच मुद्देमाल रजिस्टरवर सांडला. मी ओरडलो, "कोऱ्या जागेत नंतर लिहिलंस तू! मला माहीत आहे!"

तो उठला, रुमालानं माझ्या रजिस्टरवरचा चहा टिपून घेतला आणि नम्रपणे म्हणाला, "माहीत असंल तर सिद्ध करा, साहेब."

भाव मी आधी सांगून बसलो होतो. माझ्या हातात काय आहे आणि काय नाही, ते दोन्ही त्याला कळलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या वकिलाचा अर्ज वरिष्ठांकडे गेला होता आणि उपविभागीय अधिकाऱ्यांचा फोन मला आला होता. "एक माजी नगरसेविका आणि एक क्लार्क यांचं भांडण आहे हे. दिवाणी बाब आहे. तुम्ही स्वभावाला आवर घाला." स्वभावाचा उल्लेख माझ्या गोपनीय अहवालात आधीही होता. चोरांनी कधी माझ्या स्वभावाची तक्रार केली नाही, साहेबांनीच केली.

फेब्रुवारी संपत आला होता. एक दिवस दुपारी ठाण्यात काम कमी होतं आणि आमचा लेखनिक हवालदार धाकट्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालत बसला होता. समोर एक जुनी वही. थोरलीच्या लग्नात केलेली यादी, तीच पुढे ठेवून तो उतरवत होता. एकाएकी त्यानं जीभ चावली आणि पत्रिका बाजूला फेकली.

"काय झालं रे?"

"लई मोठी चूक होत व्हती, साहेब. जुन्या यादीत बघून सौ. लिहिलं. काकू तर मागल्या साली श्रीमती झाल्या. ही पत्रिका गेली असती तर मंडळीनं मला मांडवात उभं केलं नसतं."

"मग? खोडून श्रीमती लिही."

"खोडून कसं लिहायचं? नवी घ्यायची. असल्या गोष्टीत खाडाखोड बरी नाय."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. जुन्या यादीत सौ., नव्या पत्रिकेवर श्रीमती. बाई तीच, नाव तेच, पुढचं अक्षर मात्र तारीख सांगतं.

"आपल्या ताईंची तक्रार काढ," मी म्हणालो. "आणि कपाटातून ते लाल रजिस्टर."

शेवटच्या सभेत ताईंचं नाव तीन ठिकाणी होतं. हजेरीत 'सौ.'. पाणीपुरवठ्याच्या ठरावात अनुमोदक म्हणून 'सौ.'. आणि ऐनवेळच्या विषयात, सूचक म्हणून, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, 'श्रीमती'. त्या सभेच्या दिवशी ताईंचे यजमान धडधाकट होते. सभेनंतर महिन्याभरानं ते हृदयविकारानं गेले. हवालदारानं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, "आयला! नवरा जित्ता असताना बाईला श्रीमती करून ठेवली की ह्यानं!"

ताईंच्या यजमानांच्या मृत्यूचा दाखला मी नगरपरिषदेतूनच मागवला. ज्या इमारतीत तो ठराव लिहिला गेला, तिथलाच शिक्का मारून त्यांनी मला माझा पुरावा दिला.

पण एवढ्यानं भागत नव्हतं, हे मी जाणून होतो. सरकारी कागदांत हल्ली कुणालाही श्रीमती लिहितात. लिपिक म्हणाला असता, साहेब, चुकून पडलं, आणि वकिलानं ती चूक चघळत मार्च ओलांडला असता. तसं म्हणायची वाट त्याच्याच तोंडून बंद व्हायला हवी होती.

त्याला पुन्हा बोलावलं. दोन पंच शेजारच्या खोलीत तयार ठेवले. या वेळी टेबलावर रजिस्टर नव्हतं, फक्त हवालदाराच्या कोऱ्या पत्रिका होत्या. "या, बसा," मी म्हणालो. "मागच्या वेळी जरा जास्त बोललो. आज तुमच्याकडे काम आहे. आमच्या हवालदाराच्या मुलीचं लग्न आहे आणि याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं."

त्यानं पत्रिकांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. गावातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिकांवर नावं त्यानं घातलेली होती, शाळेची प्रमाणपत्रं त्याच्या हातची, निरोपसमारंभाची मानपत्रंही त्याच्याच हातची. खिशातलं पेन निघालं. हवालदार यादी वाचू लागला, तो लिहू लागला. सुंदर अक्षर, खरोखर. मला त्याचा राग येत होता आणि अक्षराचं कौतुकही वाटत होतं.

"काकूंचं लिहा," हवालदार म्हणाला आणि नाव सांगितलं.

त्याचं पेन थांबलं. "काका आहेत?"

"मागल्या साली गेले."

त्यानं 'श्रीमती' लिहिलं.

"बघा," मी म्हणालो, "याला हे सुचलं नाही. हा सौ. लिहून मोकळा झाला होता."

"अरे देवा!" लिपिक खरोखर हळहळला. "असं करू नये हो. विधवेला सौ. लिहिलं तर तिच्या काळजाला घरं पडतात. आणि सवाष्णीला श्रीमती लिहिलं तर त्याहून वाईट, तिच्या धन्याला आपण जिवंतपणी मारल्यासारखं. वीस वर्षं लिहितोय मी, साहेब. एकदा चूक झाली नाही."

"एवढ्या घाईत लिहिता, सभा चालू असते. एखाद्या वेळी चुकून?"

"हात कापून देईन."

"रजिस्टरातसुद्धा?"

"रजिस्टरात तर मुळीच नाही. प्रत्येक बाई सदस्याचं मी आधी माहीत करून घेतो. कुणाच्याही भावनेचा प्रश्न असतो तो."

मी हवालदाराला म्हणालो, रजिस्टर आण. पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं, बाजूला मृत्यूचा दाखला ठेवला, आणि गप्प बसलो. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ कधी गप्प बसलेलो नाही. बाहेर कुणीतरी हरवलेल्या मोटारसायकलची तक्रार देत होतं, त्याचा सगळा मजकूर मला ऐकू आला, गाडीच्या नंबरसकट.

लिपिकानं पान वाचलं. हजेरीवर बोट ठेवलं, मग पाणीपुरवठ्यावर, मग खाली. दाखल्यावरची तारीख पाहिली. मग तो जे बोलला, ते मी कधी विसरणार नाही.

"मजकुरात नुसतं नाव होतं हो. अदब म्हणून मी लावलं."

"कुठल्या मजकुरात?"

त्यानं ओठ मिटले. पण बोलून गेला होता. मी आवाज चढवला नाही. "हे बघा," मी म्हणालो, "पोलिसासमोर तुम्ही काय कबूल करता, ते कोर्ट मानत नाही. तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. म्हणून मला कबुली नकोच. मला तो मजकूर हवा. तो तुमच्याकडे आहे. वीस वर्षांत तुम्ही कागद फाडला नसेल."

त्यानं मान खाली घातली. "नाही फाडत," तो म्हणाला. "कागद फाडणं मला जमत नाही."

पंचांसमोर त्याच्या घरून तो कागद निघाला. टाइप केलेला, बिल्डरच्या कार्यालयातून आलेला, सोबत पाकीट आणि पाकिटावर कार्यालयाचा शिक्का. लिपिकानं तो फाईलला लावून ठेवला होता, वर विषय लिहून. सुनेला बिल्डरच्या शिक्षण संस्थेत शिक्षिकेची नोकरी मिळणार होती, म्हणून त्यानं हे केलं. आणि सूचक म्हणून ताईंचं नाव का, तर ते बिल्डरच्या मॅनेजरनं सुचवलं होतं. शाळा मागणाऱ्या बाईनंच शाळा नको म्हटलं, तर वरच्या ऑफिसात कुणी प्रश्न विचारणार नाही.

लिपिक आणि मॅनेजर यांना अटक केली. प्रशासकांना अहवाल दिला, त्यांनी तो ठराव बनावट असल्याचं शासनाला कळवलं आणि आरक्षण कायम राहिलं. मॅनेजर आत गेल्यावर बिल्डरनं वाद न वाढवता मोबदला घेतला. मार्चचा शेवटचा आठवडा चालू असताना जागा ताब्यात आली आणि पायाची आखणी झाली. मॅनेजरच्या वरच्या माणसापर्यंत मी पोहोचणार होतो. कागदपत्रं मागवायची पत्रं तयार होती, फक्त सह्या बाकी होत्या.

मग ताई आल्या. चपला दारात काढून आत आल्या, नमस्कार केला. "साहेब, सौदा."

मी उपविभागीय अधिकाऱ्यांना फोन केला. नियमानं विचारायलाच हवं होतं. ते म्हणाले, "वेडे आहात का? तपास चालू असताना वस्तीत जाऊन भाषण? तिथं राजकारण आहे, निवडणुका आज ना उद्या लागतील. अजिबात जायचं नाही. हा माझा आदेश समजा."

"साहेब, मी शब्द दिला आहे."

"मग शब्द परत घ्या."

मी फोनवर काय बोललो ते इथं लिहीत नाही. त्यात स्वभावाचा भाग जास्त होता.

रविवारी सकाळी वंदनेनंतर मी विहाराच्या अंगणात गेलो. वर्दीवर, टोपीसह. शंभरेक माणसं असतील. नळावरच्या बायका पुढं बसल्या होत्या आणि ताई सगळ्यांत मागं, भिंतीला टेकून. मी आरोपींची नावं घेतली नाहीत, पुरावा सांगितला नाही. एवढंच म्हणालो, "त्या ठरावावर ताईंचं नाव दुसऱ्यानं लिहिलं होतं. ताईंनी तो ठराव मांडला नव्हता. पोलीस ठाण्याचा प्रभारी म्हणून मी हे सांगायला आलो आहे."

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी मागं वळून ओरडली, "ए ताई, तिथं कोपऱ्यात काय बसलीस चोरावानी? म्होरं ये की!" बायका हसल्या. ताई उठल्या नाहीत, तेव्हा त्यांची जाऊच उठून मागं गेली आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

आठ दिवसांत माझी बदली झाली. नियंत्रण कक्ष. तिथं बिनतारी संदेश ऐकायचे आणि लिहून ठेवायचे. माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्यानं वेळेत दोषारोपपत्र दाखल केलं, पण त्यात दोनच आरोपी होते. माझी पत्रं सह्यांवाचून राहिली. वर्तमानपत्रात बातमी आली, 'वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली' गुन्हा उघडकीस. मार्गदर्शन काय होतं ते मी वर लिहिलं आहे. आदेश मोडल्याचा शेरा माझ्या अहवालात पडला आणि त्या वर्षी निरीक्षकपदाच्या यादीत माझं नाव आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मी सहायक निरीक्षक म्हणूनच निवृत्त झालो. माझ्यामागून भरती झालेले, ज्यांनी कधी टेबलावर हात आपटला नाही आणि कधी कुणाला शब्दही दिला नाही, ते पुढे गेले. मला हे खुपतं आणि खुपत राहणार. ते लपवण्यात मला काही मोठेपणा वाटत नाही.

त्या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी कधी विचारतात. मी त्यांना सांगतो, माणूस खोटं बोलताना फार सावध असतो, पण रीत पाळताना सावध नसतो. त्याची रीत शोधा. आणि सही करताना वरची कोरी जागा तिरकी रेघ मारून बंद करा. गॅसच्या पावतीवरसुद्धा मी तशी रेघ मारतो, बायको हसते.

गेल्या वर्षी घरी एक पाकीट आलं. त्या शाळेच्या पहिल्या स्नेहसंमेलनाचं निमंत्रण. आता तिथं सातवीपर्यंत वर्ग आहेत. कोनशिलेवर दहा-बारा नावं आहेत असं ऐकलं. त्यात ताईंचं नाही, माझंही नाही. पाकिटावरचा पत्ता मात्र ताईंनी स्वतः लिहिला होता, जाड, वाकड्या अक्षरात. माझ्या नावाआधी लिहिलं होतं, 'मा. पोलीस निरीक्षक'.

मी फोन लावला. "ताई, पाकिटावर चूक झाली आहे. मी निरीक्षक कधी झालो नाही. सहायक होतो."

"ठाऊक हाय."

"मग?"

"नावाआधी काय लावायचं, ते लिहिनाऱ्यानं ठरवायचं असतं ना साहेब? मी ठरवलं. आमच्या गल्लीत ठराव झालाय, सर्वानुमते." मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् ह्यो ऐनवेळचा न्हवं. समद्या बाया हजर व्हत्या."

नावाआधी चुकीचं लिहिलं म्हणून मी दोन माणसं गजाआड घातली होती. ते पाकीट मी कपाटात ठेवलं आहे. दुरुस्ती केलेली नाही.